पिट्सबर्ग राहायला कसं आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीची ऑफर आली, प्रवेश मिळाला, किंवा कॅलिफोर्नियातलं घरभाडं परवडेनासं झालं, की अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गबद्दलचे हे प्रश्न येऊ लागतात. मूलभूत प्रश्न आधी आहेत, किचकट अपवाद शेवटी. शहर दुसरं असेल तरी प्रश्न बहुतेक हेच राहतील, उत्तरं मात्र तिथली शोधावी लागतील.

१. लोकसंख्या तीन लाख म्हणजे सांगली-मिरजेपेक्षाही छोटं. एवढ्याशा गावात काय असणार?

२०२०च्या जनगणनेत पिट्सबर्ग शहराची लोकसंख्या ३,०२,९७१ होती. १९५० साली ती ६,७६,८०६ होती. नुसते हे आकडे पाहिले तर शहर ओस पडल्यासारखं वाटतं. पण ज्या ॲलेगेनी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) ते आहे तिथे साडेबारा लाख लोक राहतात आणि सगळा महानगर परिसर तेवीस-चोवीस लाखांचा आहे. विमानतळ, मोठी इस्पितळं, विद्यापीठं, तीन व्यावसायिक खेळांचे संघ, सिम्फनी हे सगळं त्या चोवीस लाखांच्या हिशेबाने उभं आहे. गर्दी मात्र तीन लाखांच्या गावाची.

यातली मेख अशी की काउंटीत १३० वेगवेगळ्या म्युनिसिपालिट्या आणि ४३ स्कूल डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) आहेत. रस्ता ओलांडला की कर बदलतो, शाळा बदलते, बर्फ काढणारा ट्रक बदलतो, कधी नळाचं पाणी पुरवणारी संस्थाही बदलते. म्हणून ‘पिट्सबर्ग कसं आहे?’ याला एक उत्तर नाही. घराचा पत्ता सांगितला तर देता येतं.

२. ‘राहण्यायोग्य शहरां’च्या याद्यांमध्ये पिट्सबर्ग कधी वर असतं, कधी खाली. विश्वास कशावर ठेवायचा?

यादीवर नाही. १९८५ साली रँड मॅकनॅली या नकाशे छापणाऱ्या कंपनीच्या यादीत पिट्सबर्ग अमेरिकेत पहिलं आलं होतं. त्याच काळात इथले पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते आणि तरुण माणसं घरं सोडून दक्षिणेकडे चालली होती. नदीकाठचा प्रचंड होमस्टेड कारखाना १९८६मध्ये बंद झाला. आज तिथे मॉल आहे आणि आठवण म्हणून धुरांड्यांची एक रांग उभी ठेवली आहे. गिरणगावातलं फिनिक्स मिलचं धुरांडं पाहिलेल्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. घरं स्वस्त होती आणि संग्रहालयं भरपूर होती, म्हणून गुण मिळाले. घरं स्वस्त का होती हे यादीने विचारलं नाही.

दुसरी खोट हद्दीची. पिट्सबर्गने १९०७ साली पलीकडच्या काठावरचं ॲलेगेनी शहर तिथल्या मतदारांच्या विरोधाला न जुमानता पोटात घेतलं, आणि पुढे उपनगरांनी सावध होऊन आपापल्या हद्दी राखल्या. शेजारच्या ओहायोतलं कोलंबस उलट पसरत गेलं, त्यामुळे त्याची लोकसंख्या नऊ लाख दिसते आणि सुखवस्तू उपनगरी वस्तीही त्याच आकड्यात मोजली जाते. दोन शहरांची ‘सरासरी’ तुलना करताना एकीकडे फक्त गाभा असतो, दुसरीकडे गाभा आणि साल दोन्ही. यादी वाचायची असेल तर आधी एवढं बघा: आकडा शहराचा आहे, काउंटीचा आहे की महानगराचा?

३. नोकऱ्या आहेत का? पोलाद तर गेलं.

आहेत, पण थोड्या क्षेत्रांत एकवटलेल्या. सर्वांत मोठा मालक म्हणजे यूपीएमसी ही इस्पितळांची साखळी. मग पिट्सबर्ग आणि कार्नेगी मेलन ही विद्यापीठं, हायमार्क ही आरोग्यविमा कंपनी, पीएनसी आणि बीएनवाय या बँका. संगणक क्षेत्रात गूगलचं कार्यालय आहे, डुओलिंगोचं मुख्यालय आहे आणि रोबोटिक्सच्या बऱ्याच लहान-मोठ्या कंपन्या आहेत. रोबोटिक्सच्या झगमगाटाला भुलू नका. स्वयंचलित गाड्यांवर काम करणारी आर्गो एआय ही इथली मोठी कंपनी ऑक्टोबर २०२२मध्ये गुंडाळली गेली.

पारख अशी करा: हातातली नोकरी गेली असं समजा आणि तुमच्याच कामाच्या, तुमच्याच पातळीच्या किती जागा आज पिट्सबर्ग परिसरात उघड्या आहेत ते मोजा. मालकांची वेगवेगळी नावं मोजा, जाहिराती नव्हे. एकच मालक वीस जाहिराती देतो. पाचापेक्षा कमी मालक सापडले तर पगाराची घासाघीस करताना हा धोका धरून बोला. नवरा-बायको दोघं काम करणारे असतील तर ही मोजणी दोघांची वेगवेगळी करायची. अशा शहरात बहुधा दुसऱ्याची नोकरीच अडते.

४. एच-१बी व्हिसावर (मालकामार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर) आहे. मध्यम शहरात जाण्यात वेगळा धोका काय?

नोकरी सुटल्यावर नवा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. वर सांगितलेली मालकांची मोजणी तुमच्यासाठी म्हणूनच दुप्पट महत्त्वाची.

दुसरी गोष्ट या शहरात वारंवार अडते. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था एच-१बीच्या वार्षिक मर्यादेबाहेर असतात. तिथे लॉटरीशिवाय व्हिसा मिळतो, ही सोय. पण तिथून खासगी कंपनीत जायचं झालं आणि तुमचा नंबर पूर्वी कधीही मर्यादेत मोजला गेला नसेल, तर लॉटरीतून जावं लागतं. इथल्या नोकऱ्यांचा मोठा हिस्सा अशा संस्थांमध्ये असल्याने ऑफर स्वीकारण्यापूर्वी ‘हा अर्ज मर्यादेतला की मर्यादेबाहेरचा?’ हे लेखी विचारून घ्या.

५. शहरात राहावं की उपनगरात? करात खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. पेन्सिल्व्हेनियाचा राज्य प्राप्तिकर सरसकट ३.०७ टक्के आहे. त्यावर तुम्ही राहता त्या ठिकाणाचा स्थानिक कर पगारावर बसतो. पिट्सबर्ग शहरात तो ३ टक्के आहे (१ शहराचा, २ शाळांचा), बहुतेक उपनगरांत १ टक्का. एक लाख डॉलर पगारावर शहरात वर्षाला ३,००० डॉलर, उपनगरात १,०००. दोघांचा मिळून पगार एक लाख ऐंशी हजार असेल तर फरक ३,६०० डॉलरचा.

इथे दोनदा चूक होते. पहिली म्हणजे ४०१(के) या निवृत्तीच्या बचतखात्यात टाकलेले पैसे केंद्राच्या करातून वगळले जातात, पण पेन्सिल्व्हेनिया आणि स्थानिक कर त्यांच्यावर बसतोच. राज्य प्राप्तिकरच नसलेल्या टेक्ससहून आलेल्या मंडळींना पहिल्या पगाराची चिठ्ठी पाहून धक्का बसतो तो यामुळे. दुसरी चूक उलट्या बाजूची: नुसता कर पाहून लांबच्या उपनगरात जायचं आणि मग दुसरी गाडी घ्यायची. तिचा हप्ता, विमा, पेट्रोल आणि डाउनटाउनमधलं पार्किंग मिळून वाचलेले ३,६०० कधीच गिळून टाकतात.

विक्रीकर काउंटीत ७ टक्के आहे, पण किराणा माल आणि नेहमीचे कपडे बहुतांशी त्यातून मुक्त आहेत.

६. शेजाऱ्याची घरपट्टी ४,००० आणि माझी ७,०००. घरं तर सारखीच आहेत!

ही तक्रार इतक्यांदा येते की तिला इथे नावच पडलं आहे: नवागतांचा कर. ॲलेगेनी काउंटी घरांचं मूल्यांकन अजूनही २०१२च्या पायाभूत किमतींवर करते. शेजारी पंधरा वर्षं तिथेच असेल तर त्याचा आकडा गोठलेला असतो. तुम्ही नवीन किमतीला घर घेतलं की स्कूल डिस्ट्रिक्ट अपील करून तुमचं मूल्यांकन खरेदीकिमतीच्या आधारे वाढवून मागू शकतं. खरेदीकिमतीला राज्याने दरवर्षी ठरवलेल्या गुणोत्तराने गुणतात. अलीकडच्या वर्षांत ते निम्म्याच्या आसपास आहे. साडेतीन लाखांच्या घराचं मूल्यांकन मग पावणेदोन लाखांच्या आसपास येऊ शकतं.

घर पाहताना एवढं करा. काउंटीच्या मालमत्ता नोंदीत पत्ता टाकून सध्याचं मूल्यांकन काढा. तुमची अपेक्षित किंमत गुणिले चालू गुणोत्तर करा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच मोठा असेल तर दलालाच्या कागदावरची घरपट्टी विसरा आणि दुसऱ्या आकड्यावर हिशेब करा. उलट असेल, म्हणजे मूल्यांकनच जास्त असेल, तर अपील तुम्ही करा. तो हक्क दोन्ही बाजूंना आहे.

घरपट्टीची बिलं तीन येतात: काउंटीचं, म्युनिसिपालिटीचं आणि शाळेचं. शाळेचं बहुधा सर्वांत मोठं. बँक हप्त्यातून घरपट्टी कापत असेल तर पहिल्या वर्षी ती विकणाऱ्याच्या जुन्या आकड्यावर कापते. अपील झालं की दुसऱ्या वर्षी हप्ता एकदम फुगतो आणि मागची तूटही भरावी लागते. स्वतः राहत असलेल्या घराला सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही. अर्ज १ मार्चपर्यंत करायचा असतो.

७. घर घेताना किमतीपेक्षा वर किती रोकड लागते?

बँकेचे नेहमीचे खर्च सगळीकडे सारखेच. इथे वेगळा आहे तो हस्तांतरण कर, आपल्याकडच्या मुद्रांक शुल्काचा भाऊ. शहराच्या हद्दीत तो एकूण ५ टक्के आहे, बहुतेक उपनगरांत २ टक्के. रिवाजाने खरेदीदार आणि विक्रेता अर्धा-अर्धा भरतात. साडेतीन लाखांच्या घरावर तुमचा वाटा शहरात ८,७५० डॉलर, उपनगरात ३,५००. दोन वर्षांत शहर सोडायची शक्यता असेल तर जाताना विक्रेता म्हणून पुन्हा तेवढाच भरावा लागेल. तीन वर्षांपेक्षा कमी राहणार असाल तर शहरात घर घेऊ नका, भाड्याने राहा.

८. शाळा कुठल्या चांगल्या? संकेतस्थळावर दहापैकी नऊ गुण असलेली घेतली की झालं ना?

नॉर्थ ॲलेगेनी, माउंट लेबनन, अपर सेंट क्लेअर, फॉक्स चॅपल, साउथ फायेट ही नावं मराठी घरांत सतत ऐकू येतात आणि ती वाईट नाहीत. पण दहापैकी गुण हे मुख्यतः परीक्षांच्या निकालांवरून येतात, आणि निकाल बऱ्याच अंशी पालकांच्या उत्पन्नाचं प्रतिबिंब असतात. शाळा तुमच्या मुलाला काय देते हे त्यातून कळत नाही.

डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला हे विचारा: गणितात मुलाला वर्गाच्या पुढे नेण्याची चाचणी कोणत्या इयत्तेत होते? मध्येच आलेल्या मुलाला ती देता येते का? बसची सोय किती अंतरापासून? पत्ता नक्की कोणत्या प्राथमिक शाळेत मोडतो? एकाच डिस्ट्रिक्टमध्ये प्राथमिक शाळांच्या हद्दी बदलतात आणि दलाल ‘याच शाळेत जाल’ असं सांगतो तेव्हा त्याला खात्री असतेच असं नाही.

शहरातल्या सरकारी शाळांना सरसकट नाकारू नका. स्क्विरल हिलमधली ॲल्डरडाइस, विज्ञानाची साय-टेक, कलांची कापा यांना मागणी आहे. मात्र विशेष शाळांना वेगळा अर्ज लागतो, त्याची मुदत आदल्या शैक्षणिक वर्षातच संपते आणि उन्हाळ्यात येणारे हमखास चुकतात. राज्यात सक्तीच्या शिक्षणाचं वय ६ आहे. बालवाडीसाठी प्रत्येक डिस्ट्रिक्टची जन्मतारखेची अट वेगळी असते.

९. सुरक्षित आहे का?

शहराचा गुन्ह्यांचा दर बघून घाबरायचं कारण नाही, निर्धास्त व्हायचंही नाही. दर काढताना छेदात फक्त रहिवासी धरतात, पण कामाला, सामन्यांना, इस्पितळात दिवसभर येणाऱ्या लाखभर लोकांबाबत घडलेले गुन्हेही अंशात मोजले जातात. शिवाय हद्दीची खोट आहेच (प्रश्न २). शहरात ९० मोहल्ले आहेत आणि गोळीबाराच्या घटना त्यांतल्या मोजक्या ठिकाणी एकवटतात. पोलिसांचा मोहल्लावार तपशील पाहा आणि तोही तीन वर्षांचा, एकाच वर्षाचा नको. शेडीसाइड, स्क्विरल हिल, ओकलंड इथे रोजची कटकट म्हणजे गाडीची काच फोडून बॅग पळवणं आणि दारातून पार्सल उचलणं.

१०. हवा खरंच वाईट आहे का? पूर्वी भर दुपारी दिवे लावावे लागत, असं वाचलं.

ते १९४०च्या दशकातलं. आजचा प्रश्न वेगळा आहे आणि ठरावीक भागाचा आहे. डाउनटाउनच्या दक्षिणेला साधारण २४ किलोमीटरवर क्लेअरटन इथे यूएस स्टीलचा कोक (पोलादासाठी भाजलेला कोळसा) बनवणारा कारखाना चालू आहे. २४ डिसेंबर २०१८ला तिथे आग लागून प्रदूषण रोखणारी यंत्रणा काही महिने बंद होती. ऑगस्ट २०२५मधल्या स्फोटात दोन कामगार दगावले.

वाऱ्याविना निरभ्र रात्री, विशेषतः शरद ऋतूत, दरीत थंड हवा खाली बसते आणि वर उबदार थर झाकणासारखा राहतो. सूर्य वर येऊन हवा ढवळेपर्यंत धूर आत कोंडतो. म्हणूनच सडक्या अंड्यांचा वास पहाटे येतो आणि दहाच्या सुमारास निघून जातो, आणि दुपारी घर पाहायला आलेल्याला तो कधीच कळत नाही. मनॉन्गहेला नदीच्या खोऱ्यात आणि शहराच्या पूर्व भागात त्रास जास्त, उत्तरेच्या टेकड्यांवर कमी. कार्नेगी मेलनच्या प्रयोगशाळेने बनवलेल्या ‘स्मेल पिट्सबर्ग’ ॲपवर लोक वासाची नोंद करतात. घराच्या आसपासच्या मागच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या नोंदी पाहा. घरात दम्याचं माणूस असेल तर पत्ता ठरवताना शाळेआधी हे पाहा.

११. नळाच्या पाण्यात शिसं आहे असं ऐकलं.

नदीच्या पाण्यात नाही, जुन्या जोडणीच्या नळीत. २०१६ साली शहराच्या तपासणीत शिशाचं प्रमाण १५ पीपीबी (एक अब्ज भागांत १५ भाग) या केंद्रीय मर्यादेच्या वर गेलं. त्यानंतर नळ्या बदलायला सुरुवात झाली आणि २०१९पासून पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालतात. त्याचा नळीच्या आत थर बसतो आणि शिसं सुटत नाही. पाणीपुरवठा संस्थेच्या नकाशावर पत्ता टाकला की जोडणी कशाची आहे ते दिसतं. उपनगरांत पाणी वेगळ्या संस्था पुरवतात, त्यांचा नकाशा वेगळा.

खरं तर मुलांच्या अंगात शिसं जास्त जातं ते १९७८पूर्वीच्या घरांच्या रंगातून, खिडकीच्या चौकटीवर साचणाऱ्या धुळीतून. काउंटीत एक आणि दोन वर्षांच्या सुमारास मुलांची रक्ततपासणी बंधनकारक आहे. बाळरोगतज्ज्ञाने काढली नाही तर आठवण करा.

१२. शंभर वर्षांचं विटांचं घर आवडलंय. काय तपासू?

तळघर. बाकी सगळं नंतर. भिंतीच्या खालच्या फुटभरात पांढरी भुकटी दिसली तर पाणी मुरतं आहे. नुकताच रंग मारलेला असेल तर आणखी नीट बघा. कोपऱ्यात उघडाच ठेवलेला एकटा कमोड दिसेल, त्याला हसू नका. जुन्या घरांत तो सर्रास असतो आणि गटार तुंबलं की घाण वर न चढता तिथेच बाहेर पडते.

कारण असं: जुन्या भागात पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. जोराचा पाऊस झाला की वाहिनी भरते आणि पाणी उलटं घरात येतं. घरापासून मुख्य वाहिनीपर्यंतची नळी मालकाच्या जबाबदारीची. ती बहुधा भाजलेल्या मातीची असते आणि सांध्यांतून झाडांची मुळं आत शिरतात. नेहमीच्या तपासणीत ती पाहिली जात नाही, कॅमेरा घालून पाहायला वेगळे पैसे मोजा. बदलायची वेळ आली तर खर्च हजारोंत जातो. उलटं पाणी रोखणारी झडप बसवता येते. घरविम्यात ‘गटाराचं पाणी उलटणं’ हे कलम वेगळं घ्यावं लागतं, नेहमीच्या विम्यात ते नसतं.

त्याखेरीज: चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली जुनी वीजजोडणी असेल तर काही विमा कंपन्या घर नाकारतात. आणि रेडॉन. हा वायू जमिनीतून तळघरात साठतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. राज्याच्या अंदाजाने पेन्सिल्व्हेनियातल्या ४० टक्के घरांत तो ४ पिकोक्युरी प्रतिलिटर या केंद्राच्या मर्यादेच्या वर आहे. किमान ४८ तास खिडक्या बंद ठेवून चाचणी करायची. जास्त निघाला तर पंखा आणि नळी बसवून तो छताबाहेर सोडतात. घर सोडून देण्याजोगं हे कारण नाही, किंमत कमी करून घेण्याजोगं आहे.

१३. घर उतारावर आहे, दृश्य सुंदर आहे. दरडीचा धोका खरा आहे का?

खरा आहे, आणि नेहमीचा घरविमा तो भरून देत नाही. इथल्या टेकड्यांत तांबूस चिकणदगडाचे थर आहेत, पाण्याने ते मऊ होऊन सरकतात. एप्रिल २०१८मध्ये ईस्ट पिट्सबर्गला महामार्ग ३०चा तुकडाच खाली आला आणि खालची घरं गेली. बघायचं ते एवढं: आधारभिंत पोट काढून बाहेर झुकली आहे का, झाडांची खोडं बुंध्याशी वाकडी आहेत का, अंगणातल्या पायऱ्या घरापासून सुटल्या आहेत का, छपराचं पाणी उतारावरच सोडलंय का. यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर भूतांत्रिक अभियंत्याला दाखवल्याशिवाय सही नको.

याखाली दुसरा थर खाणींचा. कोळसा काढून झाल्यावर पोकळ्या तशाच राहिल्या आणि वरची जमीन खचते. हेही नेहमीच्या विम्यात नाही. राज्याचा स्वतंत्र खाण-खचण विमा आहे, १९६०च्या दशकापासून चालत आलेला. राज्याच्या नकाशावर पत्ता टाकून घराखाली खाण आहे का ते फुकट पाहता येतं. असली तर विमा घ्या, तो महाग नाही.

१४. हिवाळा सोसवेल का?

बर्फ वर्षाला सरासरी ४४ इंचांच्या आसपास, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या मानाने काहीच नाही. त्रास थंडीपेक्षा ढगांचा होतो. वर्षातले सुमारे २०० दिवस आभाळ भरलेलं असतं आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आधी अंधारतं. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला जानेवारी जड जातो. एकदा फेब्रुवारीत येऊन पाहा, ऑक्टोबरातल्या रंगीत झाडांवर निर्णय घेऊ नका. शहरात बर्फ पडल्यावर २४ तासांत घरासमोरचा पदपथ साफ करण्याची जबाबदारी घरात राहणाऱ्याची असते. आणि कुणी उपसलेल्या जागी खुर्ची ठेवलेली दिसली तर ती हलवून गाडी लावू नका. कायद्यात या खुर्चीला स्थान नाही, गल्लीत आहे.

१५. गाडीशिवाय चालेल का?

ओकलंड, शेडीसाइड, स्क्विरल हिल, डाउनटाउन या पट्ट्यात एकट्याला चालतं. पूर्वेकडचा फक्त बसगाड्यांसाठीचा रस्ता १९८३पासून आहे आणि गर्दीच्या वेळी गाडीपेक्षा लवकर पोचवतो. पिट्सबर्ग विद्यापीठ आणि कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर बस फुकट. विमानतळाला २८एक्स क्रमांकाची बस. उपनगरात प्रौढ माणसामागे एक गाडी धरून चाला.

दुसऱ्या राज्यातून आलात तर वाहन परवाना ६० दिवसांत आणि गाडीची नोंदणी २० दिवसांत बदलायची. काउंटीत गाडीची सुरक्षा आणि धूर अशी तपासणी दरवर्षी असते. रस्त्यावरच्या मिठाने गाडीचा तळ गंजतो आणि गंजलेली गाडी तपासणीत अडकते. हिवाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी तळ धुणारं वॉशिंग करा.

प्रवासाचा वेळ नकाशावर अंतरावरून काढू नका. नद्या आणि बोगद्यांमुळे सगळी वाहतूक मोजक्या जागी आवळली जाते. मंगळवारी सकाळी पावणेआठला पोचण्याची वेळ टाकून पाहा.

१६. आरोग्यविम्यात ‘यूपीएमसी की हायमार्क’ असं का विचारतात?

कारण इथे इस्पितळं आणि विमा कंपन्या एकमेकांत गुंतल्या आहेत. यूपीएमसीचा स्वतःचा विमा आहे, हायमार्कची स्वतःची ॲलेगेनी हेल्थ नेटवर्कची इस्पितळं आहेत. अनेक वर्षांच्या भांडणानंतर जून २०१९मध्ये दोघांत दहा वर्षांचा करार झाला, तरी स्वस्त योजनांमध्ये पलीकडची इस्पितळं नसतात. आधी डॉक्टर ठरवा, मग योजना. गरोदरपण किंवा जुना आजार असेल तर योजनेचं नुसतं नाव पुरत नाही, तिची नेटवर्क यादी तपासा.

१७. आई-बाबा सहा महिने येणार आहेत. त्यांचं मन रमेल का?

हे पदपथावर अवलंबून आहे. स्क्विरल हिल किंवा माउंट लेबननच्या जुन्या भागात दुकानं, वाचनालय, बाग पायी जाण्याजोगी आहेत. क्रॅनबेरीसारख्या नव्या वसाहतीत घर मोठं मिळेल, पण गाडी न चालवणारी माणसं दिवसभर खिडकीत बसतील. चढ आणि पायऱ्या मात्र प्रत्यक्ष चालून पाहा, शहरात सुमारे ८०० सार्वजनिक जिने आहेत ते हौसेने बांधलेले नाहीत. देवळांची चिंता नको: पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर १९७०च्या दशकातलं, अमेरिकेतल्या अगदी जुन्या मंदिरांपैकी, आणि मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर. त्याच बाजूला भारतीय किराणाही मिळतो. भारताला थेट विमान नाही, वाटेत एकदा तरी बदलावं लागतं. व्हीलचेअरची नोंद तिकिटाबरोबरच करा.

मराठी मंडळी न्यू जर्सीच्या मानाने थोडी आहेत. गणपतीला नुसतं खुर्चीवर बसून कार्यक्रम पाहायची सवय असेल तर इथे मोदक वळायला बोलावलं जाईल.

१८. मी घरून काम करतो, कंपनी दुसऱ्या राज्यात आहे. कर कुठे भरायचा?

ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया आणि इंडियाना यांच्याशी पेन्सिल्व्हेनियाचा परस्पर करार आहे. तिथला पगार असला तरी राज्यकर इथेच. पण ओहायोतल्या शहरांचा कर त्या करारात येत नाही. तिथे प्रत्यक्ष जाऊन काम केलं तर तो लागू शकतो. न्यूयॉर्कशी करार नाही, आणि न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी स्वतःच्या सोयीने घरून काम केलं तरी न्यूयॉर्क कर मागतं. इथे त्याची वजावट घ्यावी लागते.

स्थानिक कर (प्रश्न ५) बाहेरच्या राज्यातली कंपनी बऱ्याचदा कापतच नाही. तो तुम्ही दर तिमाहीला स्वतः भरायचा. वर्षअखेरीस एकदम भरला तर व्याज आणि दंड लागतो.

१९. माझ्या पत्त्यात ‘पिट्सबर्ग’ आहे, पण शेजारी म्हणतो आपण शहरात नाही. मग पगारातून ३ टक्के का कापतात?

टपालाचा पत्ता आणि म्युनिसिपालिटी यांचा संबंध नाही. १५२३७ या पिनकोडात रॉस आणि मॅककँडलेससारखी उपनगरं आहेत, १५२२८ म्हणजे माउंट लेबनन. पत्त्यावर सगळीकडे ‘पिट्सबर्ग’च. पगार विभागाने नुसता पत्ता पाहून शहराचा दर लावला की असं होतं.

काउंटीच्या मालमत्ता नोंदीत पत्ता टाका, म्युनिसिपालिटी आणि स्कूल डिस्ट्रिक्ट दोन्ही लिहिलेले असतात. भाड्याचं घर असलं तरी इमारतीची नोंद सापडते. त्या म्युनिसिपालिटीचा सहा आकडी कर-संकेतांक राज्याच्या संकेतस्थळावर मिळतो. तो रहिवास प्रमाणपत्राच्या अर्जात लिहून पगार विभागाला द्या. आधी जास्त कापलेली रक्कम वार्षिक स्थानिक विवरणपत्र भरून परत मागता येते, त्याला तीन वर्षांची मुदत असते. वर्षाच्या मध्यात घर बदललं असेल तर दोन विवरणपत्रं भरायची, प्रत्येकात त्या-त्या महिन्यांचा पगार दाखवून.